मोडक्या पाटीची पारख

जुन्या वस्तूंची पारख म्हटली म्हणजे डोळ्यांपुढें उभी राहतात तीं नाणीं, ताम्रपट, पोथ्या आणि फार झालें तर एकादी गंजलेली तलवार. या मानकऱ्यांच्या पंक्तीला अलीकडे एक नवीनच वस्तु येऊन बसली आहे, व ती म्हणजे घरगुती संगणकाच्या पोटांतील पाटी. इ. स. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील बोस्टन शहरच्या आर. आर. ऑक्शन या लिलाव करणाऱ्या पेढीनें अशी एक पाटी विकली. ती फुटलेली होती. तिचा एक तुकडा नाहींसा झालेला होता. तिच्यावरील मुख्य चिप व इतरहि कांहीं चिपा कोणीं तरी केव्हांच काढून घेतल्या होत्या. ती चालू करून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. तरी तिला ६,७७,१९६ डॉलर आले. इतके पैसे मोजणें शहाणपणाचें कीं वेडेपणाचें, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. अशा मोडक्या पाट्या भंगारवाल्याकडे पोत्यांनीं पडलेल्या असतात. त्यांतली ही एक, आणि सेहेचाळीस वर्षांपूर्वीं हरवलेली ती एक, या दोन्ही एकच होत, हें ठरविलें कसें?

पाटी म्हणजे काय तें आधीं सांगितलें पाहिजे. रेडिओ, दूरचित्रवाणीचा संच, संगणक यांपैकीं कोणतेंहि यंत्र उघडलें असतां आंत बहुधा हिरव्या रंगाची एक कडक, चपटी फळी दिसते. कांचेच्या तंतूंचें कापड आणि राळेसारखा एक पदार्थ यांची ती बनविलेली असून तिच्या अंगावर तांब्याच्या बारीक रेषा असतात. या रेषा म्हणजे विजेच्या वाटा. जें काम पूर्वीं सुट्या तारांच्या जंजाळानें होत असे तें या छापील वाटा करतात. फळीला पाडलेल्या भोंकांतून निरनिराळ्या भागांचे पाय घालून ते डाखानें, म्हणजे ज्याला हल्लीं सर्वच दुकानदार सोल्डर म्हणतात त्यानें, पक्के केलेले असतात. इंग्रजींत हिला सर्किट बोर्ड असें नांव आहे. येथें तिला पाटी म्हटलें आहे तें बोलण्याच्या सोयीसाठीं. आणि शाळेंतील पाटीप्रमाणें हिच्यावरहि पुष्कळ कांहीं लिहिलेलें असतें, तेव्हां हें नांव फारसें वावगें होऊं नये.

ही हकीकत ॲपल-१ या संगणकाच्या जन्मकाळची आहे. १९७५ सालच्या जानेवारींत अल्टेअर ८८०० नांवाच्या संगणकाचें चित्र अमेरिकेंतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आलें, आणि स्वतःचा संगणक घरीं जोडण्याचें वेड तेथील हौशी लोकांत पसरलें. अल्टेअरशीं बोलावयाचें तें पुढच्या अंगावरील खटके वरखालीं करून, व त्याचें उत्तर समजून घ्यावयाचें तें लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून. त्यामुळें तें वेड सोसण्यास चिकाटीहि तशीच लागे. त्याच वर्षींच्या मार्च महिन्यांत कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें एका गॅरेजमध्यें या मंडळींची पहिली बैठक भरली. होमब्रू काँप्यूटर क्लब या नांवानें ही मंडळी पुढें प्रसिद्धीस आली. ह्यूलेट-पॅकर्ड कंपनींत नोकरीस असलेले स्टीव्ह वॉझ्नियाक हे तेथें जाणाऱ्यांपैकीं एक. ६५०२ या क्रमांकाची एक चिप त्या वर्षीं अवघ्या पंचवीस डॉलरांस मिळूं लागली. तिच्याभोवतीं वॉझ्नियाक यांनीं एक संगणक रचला. अक्षरांच्या कळा दाबाव्या आणि उत्तर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर वाचावें, इतका तो सोपा होता. पहिली जुळणी त्यांनीं सुट्या तारांनींच केली होती.

वॉझ्नियाक यांचा आनंद रचनेंत होता. तिचा व्यापार होऊं शकेल हें ओळखलें तें त्यांचे मित्र स्टीव्ह जॉब्ज यांनीं. आरंभींचा बेत अगदीं साधा होता. कोऱ्या पाट्या छापून घ्यावयाच्या, त्या हौशी लोकांस विकावयाच्या, आणि त्यांवर भाग बसविण्याची दगदग ज्याची त्यानें करावयाची. या भांडवलासाठीं जॉब्ज यांनीं आपली मोटार-व्हॅन विकली, वॉझ्नियाक यांनीं आपला किंमती गणकयंत्राचा खिशांतला संच विकला, व १९७६ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस ॲपल ही भागीदारी कागदावर आली. माउंटन व्ह्यू या गांवीं पॉल टेरेल यांचें बाइट शॉप नांवाचें दुकान होतें. तेथें जॉब्ज यांनीं आपला संगणक दाखविला. टेरेल हे दुकानदार. कोऱ्या पाट्या घेऊन जाणारे हौशी लोक थोडे आणि तयार वस्तु मागणारे गिऱ्हाईक पुष्कळ, हें त्यांस ठाऊक होतें. त्यांनीं सांगितलें कीं, भाग बसवून, डाखून तयार केलेले पन्नास संगणक आणा, प्रत्येकीं पांचशें डॉलर देतों. म्हणजे पंचवीस हजारांची मागणी, आणि तीहि अशा दोघांकडे कीं ज्यांनीं भांडवल म्हणून एक गाडी व एक गणकयंत्र विकलेलें! या मागणीनें कोऱ्या पाट्यांचा बेत बाजूस पडला व ॲपल ही संगणक करणारी कंपनी झाली. पुढें ॲपल-१ चे सुमारें दोनशें संगणक तयार झाले. दुकानांतील किंमत होती ६६६ डॉलर ६६ सेंट.

टेरेल यांस दाखविण्यांत आलेली पाटी या दोनशेंतली नव्हे. ती त्यांच्या आधींची, नमुन्याची पाटी. ती पुढें कोठें गेली याचा कित्येक वर्षें पत्ता नव्हता, व ती नष्टच झाली असावी असें जाणते लोक धरून चालले होते. त्यांत नवल कांहींच नाहीं. १९७७ सालीं ॲपल-२ निघाल्यावर कंपनीनें जुने ॲपल-१ गिऱ्हाइकांकडून परत घेतले, व परत आलेल्या पाट्या मुद्दाम नष्ट करविल्या. विकलेल्या मालाची ही गत, तर न विकलेल्या नमुन्याची काळजी कोण घेतो?

नमुन्याच्या पाटीचें महत्त्व तरी एवढें कां असावें, असें कोणी विचारील. तयार झालेल्या मालावरून फक्त शेवटचा निर्णय कळतो. पोथीच्या शुद्ध प्रतीवरून कवीनें काय ठेवलें तें समजतें. काय खोडलें तें समजण्यास खर्डाच हातीं लागावा लागतो. नमुन्याची पाटी हा यंत्राचा खर्डा होय. कोणती वाट चुकीची पडली, ती कापून वरून तार कशी ओढली, कोणता भाग आधीं योजिला आणि मग बदलला, हें सर्व तिच्यावर जसेंच्या तसें राहतें. आणि खर्डा ज्याप्रमाणें शुद्ध प्रत झाली कीं टाकून देतात, त्याप्रमाणें हीहि टाकून देण्यांत येते. दुर्मिळपणाचें कारण हेंच.

आतां पारखीकडे वळूं. पारखणारा प्रथम वाचतो तें पाटीवरील लेखन. बहुतेक पाट्यांवर तांब्याच्याच अक्षरांत यंत्राचें नांव, करणाऱ्याचें नांव, वर्ष, आणि कितव्या सुधारणेची पाटी आहे तें दर्शविणारें एकादें अक्षर किंवा अंक असतो. विक्रीच्या ॲपल-१ वर संगणकाचें नांव ‘ॲपल काँप्यूटर १’ असें आहे. या मोडक्या पाटीवर ‘ॲपल काँप्यूटर ए’ असें असून पुढें हक्काची खूण व ७६ हा आंकडा आहे. एका अक्षराचा फरक. पण तो महत्त्वाचा. विक्रीच्या कोणत्याहि पाटीवर तें ‘ए’ सांपडत नाहीं.

त्यानंतर पाटीचें अंग पाहतात. कारखान्यांतून निघालेल्या पाटीवर तांब्याच्या रक्षणासाठीं हिरवा लेप आणि त्यावर पांढऱ्या शाईनें भागांचीं नांवें छापलेलीं असतात. हे दोन्ही संस्कार खर्चाचे व वेळेचे. यासाठीं एक-दोनच पाट्या करावयाच्या असल्या म्हणजे पुष्कळदां ते गाळतात. परंतु लेप नाहीं म्हणून ती नमुन्याचीच, असें म्हणतां येत नाहीं. स्वस्त मालावरहि तो नसतो. तसेंच वरून ओढलेल्या तारांचें. नमुन्यावर त्या असतात हें खरें. पण घाईनें बाजारांत आणलेल्या आणि कारखान्यांतच दुरुस्त करून धाडलेल्या मालावरहि त्या असतात, आणि गल्लींतल्या दुरुस्तीवाल्यानें नंतर घातलेल्या तर सर्वांत अधिक.

मग तारखा. चिप तयार करणारे कारखाने तिच्या पाठीवर बहुधा चार अंकी आंकडा छापतात. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन त्या वर्षांतील आठवड्याचे. ७६०७ असें असेल तर १९७६ सालचा सातवा आठवडा. हा आंकडा कळला म्हणजे पारख संपली असें नवशिक्यास वाटतें. तेथेंच तो फसतो. चिप तयार झाल्यावर ती कित्येक महिने पेटींत पडून राहूं शकते. म्हणजे पाटी तिच्यापेक्षां जुनी नाहीं एवढेंच ठरलें, किती नवी तें ठरलें नाहीं. शिवाय कांहीं चिपा खोबणींत नुसत्या दाबून बसविलेल्या असतात, त्या केव्हांहि बदलतां येतात. त्यांची साक्ष हलकी. मूळ डाख न हललेल्या भागाची साक्ष जड. १९७६ च्या वसंतांतील म्हणविल्या जाणाऱ्या पाटीवर मूळच्या डाखानें बसलेला भाग १९७७ चा निघाला, तर तिच्या धन्यानें कितीहि गोड हकीकत सांगितली तरी ती ऐकून घेण्याचें कारण उरत नाहीं. ताम्रपटांतहि असेंच आहे. शक जुना घातलेला आणि अक्षराचें वळण दोनशें वर्षांनंतरचें, असे बनावट ताम्रपट इतिहाससंशोधकांस अपरिचित नाहींत.

कांहीं नमुन्यांत आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे त्यांच्या स्मरणांतला मजकूर. संगणकाला सुरू होतांच काय करावयाचें याचा पाठ एका चिपेंत कायमचा भरलेला असतो. विक्रीच्या यंत्रांत तो कारखान्यांतच कोरून येतो. नमुन्यांत तो पुनःपुन्हां पुसावा लागतो, म्हणून पाठीवर कांचेसारखी लहान खिडकी असलेली निराळी चिप वापरतात. त्या खिडकींतून जंबुपार किरण पाडले म्हणजे मजकूर पुसला जातो. उजेडानें तो आपोआप जाऊं नये म्हणून खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावलेली असते आणि तिच्यावर हातानें तारीख लिहिलेली असते. असा मजकूर वाचून घेऊन विक्रीच्या यंत्रांतील मजकुराशीं ताडून पाहिला, आणि तो जुना, अपुरा, चुकांसह निघाला, तर तें मोठेंच प्रमाण. चुका नंतर सुधारल्या जातात. सुधारलेलें लेखन मुद्दाम चुकवून मागें नेणें फार कठीण. इंग्लंडांतील केंब्रिज येथील संगणकाच्या इतिहासाच्या संग्रहालयास २०१९ सालीं सिंक्लेअर कंपनीच्या झेड. एक्स. स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचा नमुना मिळाला. १९८२ च्या या नमुन्यांत छापील वाटांऐवजीं सुट्या तारांच्या गुंडाळ्याच आहेत. पण तो आला तो ज्या संस्थेनें त्या संगणकाची भाषा लिहिली तिच्या मंडळीकडून. म्हणजे वस्तु एका घरांतून उठून संग्रहालयांत गेली. वाटेंत खंड नाहीं. अशा ठिकाणीं पारखणाऱ्याचें काम निम्मे होतें.

ॲपलच्या पाटीचें तसें नव्हतें. ती कित्येक वर्षें त्या प्रसिद्ध गॅरेजच्या जागींच पडून होती, आणि लिलावाच्या सुमारें तीस वर्षें आधीं स्वतः जॉब्ज यांनीं ती एका गृहस्थास दिली, अशी तिची हकीकत सांगण्यांत आली. हकीकत संभवनीय खरीच. तथापि हकीकत ही हकीकतच. आणि येथें एक मोठी अडचण उभी राहते. ॲपल-१ च्या नकला करणें आज कठीण राहिलेलें नाहीं. हौशी लोक अभ्यासासाठीं, उघडपणें व प्रामाणिकपणें, मूळच्या बरहुकूम पाट्या छापून घेतात. त्यांवर बसवावयास १९७५-७६ च्या तारखांच्या चिपा आणि त्याच काळचे कपॅसिटर शोधून विकत घेतात. हें काम इतकें सुबक झालेलें असतें कीं, दुरून पाहणारा चकावा. ज्यानें हें प्रामाणिकपणें केलें तेंच दुसरा अप्रामाणिकपणें करूं शकेल, हें सांगावयास नकोच. म्हणजे जुना भाग, योग्य तारीख, योग्य अक्षरें, या सर्व गोष्टी आतां पैशानें मिळूं शकतात. आणि जी गोष्ट पैशानें मिळते तिची साक्ष न्यायासनापुढें टिकत नाहीं.

मग टिकतें काय? टिकतो तो अपघात. कारागिराच्या हातून सहज झालेली, कोणीं न योजिलेली वांकडी गोष्ट. एक कपॅसिटर किंचित् तिरपा बसला. दुसऱ्याच्या पायाची तार जरा उंच राहिली. एका जागीं डाखाचा थेंब मोठा पडला. अशा शेंदीडशें क्षुल्लक गोष्टींचा मेळ एका पाटीवर जसा पडतो तसा दुसरीवर पडत नाहीं. वॉझ्नियाक यांनीं स्वतः दुसरी पाटी केली असती तरी पडला नसता. दोन जुळ्या भावांस एकच अंगरखा घालतां येईल, पण लहानपणीं पडून झालेला कपाळावरचा व्रण एकाच्याच कपाळावर असतो.

पण व्रण ओळखावयास त्याचें जुनें वर्णन पाहिजे. तें होतें, आणि सुदैवानें शब्दांत नव्हतें. पॉल टेरेल यांनीं १९७६ सालीं, ही पाटी कामांत असतांना, तिचीं छायाचित्रें घेऊन ठेवलीं होतीं. पोलरॉइड कंपनीच्या ज्या कॅमेऱ्यांतून छायाचित्र घेतल्याबरोबर तयार होऊन बाहेर येतें, त्या कॅमेऱ्याचीं तीं होतीं. आपण पुढच्या इतिहासासाठीं पुरावा करून ठेवीत आहों असें त्या दुकानदारास वाटलें असेल, असें मानण्याचें कारण नाहीं. मागणी नोंदलेला माल कसा दिसतो एवढेंच त्यांत होतें. २०२२ सालीं ॲपल-१ चे जाणकार म्हणून नांव असलेले कोरी कोहेन यांनीं ती मोडकी पाटी आणि तीं छायाचित्रें समोरासमोर ठेविलीं. भागांच्या जागा, त्यांचे कल, हातच्या डाखाच्या खुणा यांचा मेळ पाहून त्यांनीं निर्णय दिला कीं, छायाचित्रांतील पाटी हीच.

येथें चिकित्सक वाचक एक शंका घेईल, व ती घेतलीच पाहिजे. छायाचित्र जर उपलब्ध होतें, तर तें पाहूनच कोणीं हुबेहुब पाटी कां बनविली नसेल? तिचें उत्तर असें. छायाचित्र पाटीचें एकच अंग दाखवितें, आणि तेंहि ठराविक सूक्ष्मतेपर्यंतच. नकल करणारा जें दिसतें तें जुळवील. जें दिसत नाहीं तेथें त्यास कल्पनेवर विसंबावें लागेल. पारखणाऱ्यानें नेमकें तेथें जावयाचें असतें. पाटी उलटून पाहावी. तिच्या पाठीवरील डाख, भंगलेल्या कडेंत बसलेली धूळ, डाखाबरोबरच्या राळेचा पिंगट झालेला डाग, तांब्यावर चढलेला काळसरपणा, ज्या खोबणींतून चिप काढली तिच्या पाकळ्यांवरचे ओरखडे, या सर्वांनीं एकच गोष्ट सांगितली पाहिजे. समोरचें अंग जुळतें आणि मागचें अंग दुसरेंच बोलतें, असें झालें तर समोरच्या अंगाचा जुळेपणा उलट संशय वाढवितो.

डाखाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. कारखान्यांत पाटी वितळलेल्या डाखाच्या लाटेवरून पुढें सरकवितात, आणि हजार भोंकें एकाच वेळीं, एकाच जाडीचीं, चकचकीत भरून निघतात. हातानें डाख देणाऱ्याचें तसें नाहीं. त्याला तीन हात पाहिजे असतात. एका हातांत तापलेली सळई, दुसऱ्या हातांत डाखाची तार, आणि बसवावयाचा भाग धरण्यास तिसरा. देवानें दोनच दिले, म्हणून कोणी चिमटा वापरतो, कोणी मित्रास हांक मारतो. वॉझ्नियाक यांची रीत अशी कीं, डाखाची तार दांतांत धरावयाची, एका हातानें भाग आणि दुसऱ्या हातानें सळई. या डाखांत शिसें असतें, तेव्हां ही रीत विद्यार्थ्यांनीं अनुकरण करण्याजोगी मुळींच नाहीं. परंतु तिच्यामुळें त्यांच्या डाखाला एक वळण आलें, व कोहेन यांनीं पाटीवर तें वळण ओळखलें. मोडी पत्र वाचणाऱ्या जाणत्या माणसानें नांव झांकून ठेवलेल्या कागदावरून हें अमक्या कारकुनाचें अक्षर असें सांगावें, त्यांतलाच हा प्रकार.

या साऱ्या विवेचनानें काय सिद्ध झालें आणि काय झालें नाहीं, याचा हिशेब निराळा मांडणें बरें. कारण लिलावाच्या गलबल्यांत तो एकत्र मिसळून जातो. ही पाटी १९७६ सालीं टेरेल यांच्या कॅमेऱ्यासमोर होती, हें सिद्ध आहे. ती विक्रीच्या पाट्यांपूर्वींची आणि हातानें डाखलेली आहे, हेंहि सिद्ध आहे. तिच्यावरील चिपा काढल्या त्या पहिल्या विक्रीच्या संगणकांत वापरण्यासाठीं, असें जें म्हणतात तें अनुमान होय. भांडवलाची ओढाताण लक्षांत घेतां तें सयुक्तिक दिसतें, पण तें अनुमानच राहतें. जॉब्ज यांनीं ती कशी दिली हा तिसरा भाग बोलण्यावर उभा आहे. तो खरा असेल. तथापि पाटीची ओळख त्यावर अवलंबून ठेविली नाहीं, हेंच या पारखीचें भूषण. हकीकत काढून घेतली तरी ओळख उभी राहते. उलट कित्येक वस्तूंची ओळख अशी असते कीं, हकीकत काढली कीं हातांत नुसता पत्रा उरतो.

किंमतीविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०१४ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथील बॉनहॅम्सच्या लिलावांत विक्रीच्या ॲपल-१ पैकीं एक, चालू स्थितींतला, हेन्री फोर्ड यांच्या नांवाच्या संग्रहालयानें ९,०५,००० डॉलरांस घेतला होता. म्हणजे खर्ड्यापेक्षां शुद्ध प्रतीला अधिक भाव आला. बाजाराला अखंड वस्तु आवडते, हें त्यावरून दिसतें. इतिहासाचा अभ्यास करणारा मात्र दोहोंतून मोडकीच मागून घेईल.

आणि मोडकी वस्तु मोडकी ठेवणें हेंच पुष्कळांस जमत नाहीं. जुनी पाटी हातीं लागली कीं पहिली बुद्धि होते ती तिला ब्रशानें घासून लखलखीत करण्याची, रिकाम्या खोबणींत चिपा बसविण्याची, तुटलेला कोपरा जोडण्याची. या पाटीच्या धन्यानें तसें केलें असतें तर राळेचे डाग गेले असते, डाखाचें वळण नव्या डाखाखालीं दडलें असतें, आणि टेरेल यांच्या छायाचित्रांस जुळवून पाहावयास कांहींच उरलें नसतें. चालू होणारी एक सुबक पाटी मात्र झाली असती. तुटलेला तुकडा आज फक्त त्या छायाचित्रांत आहे, व तेथेंच तो असूं द्यावा.

संगणक घरोघरीं येऊन आतां बराच काळ लोटला, तेव्हां एकाद्या माळ्यावर, एकाद्या बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या कपाटांत अशी अनोळखी पाटी निघण्याचा संभव कोठेंहि आहे. ती निघाल्यास तिला वीज लावूं नये. जुने कपॅसिटर वीज लागतांच फुटतात आणि शेजारच्या भागांस घेऊन जातात. पाणी, साबण, घासणी यांपासून ती दूर ठेवावी. खोबणींतील चिप उपटूं नये. खिडकीवरची चिकटपट्टी तर मुळींच काढूं नये, मग ती कितीहि मळकी दिसो. दोन्ही अंगांचीं छायाचित्रें भरपूर उजेडांत, एक सरळ आणि एक तिरप्या उजेडांत, अशीं घ्यावीं, म्हणजे डाखाची उंचसखल नीट उमटते. सर्व अक्षरें व आंकडे जसे असतील तसे, समजले नाहींत तरी, कागदावर उतरून घ्यावे. ती कोणाच्या घरांतून आली, कोणीं कोणास केव्हां दिली, हें सांगणारीं माणसें असतील तोंवर त्यांच्याकडून लिहवून घ्यावें, आणि त्या कागदावर तारीख घालावी.